आकाचे झुडूप आणि त्याचे आश्रित

जयपूरच्या परिसरात, नाहरगडाच्या उतारावर किंवा वस्तीतील एखाद्या मोकळ्या भूखंडावर, जेथे दुसरे फारसे काही वाढत नाही तेथेही आकाचे करडे-हिरवे झुडूप उभे असते. मराठी वाचकाला ते अगदीच परके नाही. शनिवारी मारुतीला ज्या पानांची माळ घालतात त्या रुईची ही धाकटी बहीण होय. आपल्याकडे देवळाजवळ दिसणाऱ्या मोठ्या रुईच्या पाकळ्या पसरट असतात. आकाची फुले पेल्यासारखी, पांढरट आणि पाकळ्यांच्या टोकाशी जांभळी असतात.

पान खुडताच पांढरा चीक गळू लागतो. हवा लागली की तो चिकट होतो व लहान किड्यांचे तोंड त्यात अडकून बसते. शिवाय त्यात हृदयाची क्रिया बिघडवणारी विषे असतात. प्राण्यांच्या पेशींत सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारी एक यंत्रणा अखंड चालू असते. ही विषे नेमकी तीच बंद पाडतात. गुरे हिरवा आक सहसा टाळतात ती यामुळेच. भिंग घेऊन निरीक्षण करणाऱ्यानेही चिकाचा हात डोळ्याला लावू नये, कारण त्याने नजर अधू होऊ शकते.

असे असूनही पावसाळ्यात एखादे पान उलटून पाहिले तर त्यावर हमखास कोणीतरी जेवत असते. बिबळ्या कडवा या नारिंगी फुलपाखराची मादी पानावर एकेकटे, रुपेरी पांढरे, उभ्या रेघांचे अंडे घालते. त्यातून निघणाऱ्या सुरवंटाच्या अंगावर काळेपांढरे पट्टे व पिवळे ठिपके असतात आणि पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. या गणातील सुरवंटांची जेवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ते आधी पानाची शीर किंवा देठ कुरतडतात, चीक गळून जाऊ देतात आणि मग पुढचा भाग खातात. उरलेसुरले विष त्यांना फारसे बाधत नाही, कारण त्यांच्या पेशींतील त्या यंत्रणेची घडणच किंचित बदललेली असते व विष तिला नीट चिकटू शकत नाही. ते शरीरात साठते आणि पुढे फुलपाखरालाही संरक्षण देते. एकदा तोंड कडू झालेला पक्षी नारिंगी पंख पाहून दूर राहतो. या भीतीचा लाभ दुसरेच एक फुलपाखरू उठवते. आपण जिची भाजी करतो त्या घोळीवर वाढणाऱ्या या बिनविषारी फुलपाखराची मादी बिबळ्याची हुबेहूब नक्कल असते. फरक मागच्या पंखावर सापडतो. बिबळ्याच्या मागील पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. नकलाकार मादीला वरच्या कडेशी एकच.

आकावरचा दुसरा रहिवासी म्हणजे चित्रविचित्र रंगांचा टोळ. अंगावर पिवळे आणि निळसर-हिरवे पट्टे, हिरव्या पंखांवर पिवळी नक्षी. लपण्याचा कसलाही खटाटोप तो करीत नाही. त्याचे पंख न फुटलेले पिल्लू चिमटीत धरले तर पोटाच्या पहिल्या दोन वलयांमधून द्रवाची चिळकांडी काही इंच अंतरापर्यंत आणि बऱ्यापैकी नेम धरून उडते! 25 मे 2020 रोजी जयपूर शहरावर ज्या टोळधाडी आल्या त्या वाळवंटी टोळाच्या होत्या. त्या प्रसंगी पाहिलेले दृश्य आठवून या रंगीत टोळाला चिरडणे अन्यायाचे ठरेल. तो धाडी घालीत नाही. मात्र आक मिळेनासा झाला तर तो कधीकधी भाजीपाल्याकडे वळतो, हे झुडपे साफ करणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

फुलाकडे येणाऱ्या भुंग्याचे काम वेगळे. आकाचे परागकण सुटे उधळत नाहीत. त्यांचे मेणचट पुंजके जोडीजोडीने फुलातील पाच खाचांशी बसवलेले असतात. मध पिणाऱ्या काळ्या भुंग्याचा पाय खाचेत अडकतो आणि ओढून काढताना पुंजक्यांची जोडी चिमट्यासारखी त्याला चिकटते. दुसऱ्या फुलाच्या खाचेत ती जशीच्या तशी बसली तरच फळ धरते. एवढी नाजूक जुळणी असल्यामुळे शेकडो फुलांमागे फळे थोडीच दिसतात.

शहर वाढत चालले तसे आकाचे हे मोकळे भूखंडही कमी होत आहेत. नुसत्या कोयत्याने या झुडपाचे फारसे बिघडत नाही. मूळ शाबूत असले की ते पुन्हा फुटते. पण टोळाची मादी अंडी घालते ती रेताड मातीच्या आत. जमीन खोल उकरून वर फरशी बसवली की मूळही जाते आणि ही अंडीही.