बदकाची अंडी घरी उबवताना : अठ्ठावीस दिवसांचा संयम

कोंबडीच्या अंड्यातून २१ दिवसांनी पिल्लू बाहेर पडते. बदकाच्या अंड्याला २८ दिवस लागतात. मस्कोव्ही जातीच्या अंड्याला तर सुमारे ३५ दिवस द्यावे लागतात. लहान उबवणी यंत्रे बाजारात मिळू लागल्याने बंगल्याच्या परसात वा शहरालगतच्या शेतघरात हा प्रयोग करणे आता आवाक्यात आले आहे. मात्र, यंत्रात अंडी ठेवली की काम संपले, हा समज पहिल्याच खेपेस महागात पडतो. या प्रक्रियेत उष्णतेइतकेच ओलाव्याला आणि त्याहूनही अधिक माणसाच्या संयमाला महत्त्व असते.

अंड्यांची निवड

खाकी कॅम्पबेलसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या जातीत अंड्यांवर बसण्याची वृत्ती फारशी उरलेली नाही. म्हणूनच ग्रामीण भागात बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली जातात. यंत्र हा या कोंबडीचाच पर्याय होय.

अंडी नराच्या सहवासातील मादीची, शक्यतो आठवड्याच्या आतील आणि न तडकलेली असावीत. ती धुऊ नयेत. धुतल्यास कवचावरील नैसर्गिक आवरण नाहीसे होऊन जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते. पाणथळ जागी आढळणाऱ्या रानबदकांच्या घरट्यांतील अंडी उचलण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा ठरतो.

उष्णता आणि ओलावा

पंखा असलेल्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. त्यामुळे गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटत नाही आणि विषम संख्येमुळे रात्रभर रोज तीच बाजू खाली राहत नाही.

पहिले २५ दिवस आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास असावी. या काळात अंड्यातील पाणी हळूहळू उडून त्याचे वजन १२ ते १४ टक्क्यांनी घटणे आवश्यक असते. त्यातूनच रुंद टोकाकडील हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू आपला पहिला श्वास याच पोकळीत घेते. ओलावा जास्त झाला तर ही पोकळी लहान राहते. कमी पडला तर पापुद्रा सुकून पिल्लाला जखडतो. मुंबईतील पावसाळा आणि नागपूरचा मे महिना यांना एकच नियम लागू पडत नाही, तो यामुळेच. आर्द्रतामापकाचा आकडा पाहूनच यंत्रातील पाण्याचे भांडे लहान-मोठे करावे.

वीज गेल्यास यंत्र न उघडता त्यावर चादर पांघरावी. थोड्या वेळाचा गारवा गर्भ सहसा सोसतो. जादा उष्णता मात्र त्याच्या जिवावर बेतते.

सातव्या ते दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या रुंद टोकाला टॉर्च लावून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्यास गर्भ वाढतो आहे असे समजावे. काहीच न दिसणारी अंडी काढून टाकावीत. ती सडून यंत्रातच फुटू शकतात.

मदतीचा मोह

पंचविसाव्या दिवसापासून अंडी फिरवणे थांबवावे, आर्द्रता ७० टक्क्यांवर न्यावी आणि यंत्राचे झाकण उघडू नये. कवचाला पहिला तडा गेल्यावर पिल्लू बाहेर येण्यास २४ ते ४८ तास लागू शकतात. आतून चिवचिव ऐकू येते, हालचाल मात्र दिसत नाही. अशा वेळी कवच सोलण्याची इच्छा अनावर होते. वस्तुतः या अवधीत पिल्लू पापुद्र्यातील शिरांमधले रक्त आणि उरलेला बलक शरीरात ओढून घेत असते. कवच घाईने सोलल्यास शिरा तुटून रक्तस्राव होतो आणि सुदृढ पिल्लूही दगावते.

पिल्ले आल्यानंतर

पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३२ अंशांची ऊब द्यावी व पुढे ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवावी. पाण्याचे भांडे चोच व नाकपुड्या बुडतील इतपतच खोल असावे. आईविना वाढणाऱ्या पिल्लांची लव पाण्यात लवकर भिजते आणि ती गारठतात. त्यामुळे त्यांना लगेच टबात सोडू नये. पाव हा त्यांचा आहार नव्हे. नायसिन या जीवनसत्त्वाची त्यांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक गरज असते आणि ते कमी पडल्यास पाय वाकडे होतात.

एकटे वाढलेले पिल्लू माणसालाच आपली आई मानू लागते. पक्ष्यांच्या या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कॉनरॅड लॉरेन्झ यांना १९७३ मध्ये नोबेल पुरस्काराचा मान मिळाला. म्हणून किमान दोन-तीन पिल्ले एकत्र वाढवावीत. त्यांतली साधारण निम्मी नर निघतील, हेही गृहीत धरावे. सदनिकेच्या गॅलरीत बदके फार काळ राहू शकत नाहीत. त्यांच्यासाठी मोकळी जागा, पाणी आणि सांभाळणारे हात आहेत का, याचे उत्तर यंत्राचे बटण दाबण्यापूर्वीच शोधलेले बरे.