आजीचा मेंदू आणि दोन यंत्रं

आजीला विसर पडायला लागला तेव्हा तिचा पहिला एमआरआय ग्वाल्हेरला झाला. दीड वर्षानं दुसरा झाला पुण्याला, काकांकडे असताना. दोन्ही सीडी घेऊन आम्ही मुरारला परतलो. बाबांचा प्रश्न एकच: "मेंदू किती आकसला?" डॉक्टर म्हणाले, "दोन यंत्रं वेगळी आहेत हो. थोडाफार फरक दिसतोय, पण तो आजींचा की यंत्रांचा, हे छातीठोकपणे नाही सांगता येत." मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. ते मनाला लागलं आणि मी वाचायला बसले.

आपल्या सदर बाजारात कुठल्याही दुकानात किलो म्हणजे किलोच. सीटी स्कॅनलाही असं ठरलेलं माप आहे: पाणी शून्य, हवा उणे १०००. एमआरआयला मात्र नाही. शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनचा संदेश यंत्र टिपतं. तो किती उजळ दिसेल हे चुंबक दीड टेस्लाचं की तीनचं, सेटिंग कोणतं, यावर ठरतं. मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा चित्रात जराशी सरकली, की मोजलेलं आकारमानही बदलतं.

मग अनेक शहरांतून स्कॅन गोळा करणारे संशोधक काय करतात? अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या एडीएनआय या अल्झायमरच्या अभ्यासात सगळ्या केंद्रांना शक्य तितकी सारखी सेटिंग ठरवून दिली गेली. शिवाय 'फँटम', म्हणजे माहीत मापाच्या गोळ्या बसवलेला नकली नमुना, स्कॅन करून यंत्रं पारखली. काही ठिकाणी तीच माणसं सगळ्या केंद्रांत फिरवून तपासतात. हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१९ साली १०० भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा मांडला. त्याआधीच्या ५० जणांच्या चाचणीत त्यांनी तीन इस्पितळांतली तीन यंत्रं वापरली होती, एकाच यंत्राची खोड निकालात उतरू नये म्हणून.

उरलेला फरक गणितानं काढतात. 'कॉम्बॅट' ही पद्धत २००७ साली जनुकांच्या अभ्यासासाठी निघाली, पुढे मेंदूच्या स्कॅनसाठी वापरात आली. पण जपून! एका केंद्रात सगळे म्हातारे आणि दुसऱ्यात सगळे तरुण असले, तर यंत्राचा फरक कुठला आणि वयाचा कुठला, हे गणितालाही कळत नाही. आणि त्याला प्रत्येक यंत्रावरचे बरेच स्कॅन लागतात. आजीचे तर दोनच.

म्हणून आम्ही ठरवलंय: पुढचा स्कॅन ग्वाल्हेरच्या त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगवर. पहिली सीडी कपाटात जपून ठेवली आहे. तुमच्याही घरी असेल तर टाकू नका.