जुन्या गाडीचा क्लेम: पैसे कुठे कापले जातात



कामवारीचं पाणी चढलं की उभ्या गाड्यांत शिरतं, आणि चार दिवसांनी कार्यालयात फोन येतात, "गाडी जुनी म्हणून कंपनी पैसे देत नाही." नुसती जुनी आहे म्हणून क्लेम नाकारता येत नाही. रक्कम कमी येते ती वेगळ्या कारणांनी.

आधी पॉलिसी काढून बघा. नुसती थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही.

पाण्यात उभ्या गाडीला सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि ते नुकसान मालकाच्या चुकीचं धरतात. इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं नसेल तर ते हमखास नाकारतात. फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, गाडी टो करून न्या. सर्व्हेअर येईपर्यंत एकही नट खोलू देऊ नका, गॅरेजवाला कितीही घाई करो.

पार्टवर घसारा लागतो. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. पत्रा-लोखंडावर गाडी ५ ते १० वर्षांची असेल तर ४० टक्के, १० च्या वर ५० टक्के. काचेवर काहीच नाही, मजुरीवरही नाही. म्हणून बिलात मजुरी आणि पार्ट वेगळे लिहून घ्या. एकत्र बिल दिलं की आपलंच नुकसान.

आता आयडीव्ही, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणारी कमाल रक्कम. ५ वर्षांनंतर हा आकडा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून एजंट तो खाली आणतो आणि आपण न वाचता सही करतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस'. समजा आयडीव्ही २ लाख आहे आणि एस्टिमेट १ लाख ६० हजारांचं. गाडी टोटल लॉसमध्ये गेली. आयडीव्ही ३ लाख असता तर तीच गाडी दुरुस्त झाली असती. टोटल लॉसमध्ये गाडी स्वतःकडे ठेवायची असेल तर भंगाराची किंमत वजा होते. ती कोणी, कशावरून ठरवली ते लेखी मागा.

२०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा आणि त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा. अहवालाची प्रत मागून घ्या. घासाघीस त्यातल्या आकड्यांवर करायची, फोनवरच्या आवाजावर नाही.

पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकीलही लागत नाही. विमा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५५२५५.

पॉलिसी समजत नसेल तर कागद घेऊन कार्यालयात या. आरसी आणि फिटनेसही सोबत आणा.