संगणक-जाळ्यातील नोकऱ्या : काम कोणते, पात्रता कोणती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की वस्तीतील पालक मुलाचे गुणपत्रक घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, "याला नेटवर्किंगला घालू का?" आम्ही बँकेतील कारकून, त्यातून कलाशाखेचे पदवीधर, तेव्हा हे काही आमचे शास्त्र नव्हे. तथापि शैक्षणिक कर्जाच्या अर्जांसोबत 'नोकरीची शंभर टक्के हमी' देणाऱ्या क्लासांची फीपत्रके आमच्या टेबलावरून जातात. आई-बापांची जन्माची पुंजी त्यात अडकते. म्हणून माहीतगारांना विचारून जे समजले, ते येथे मांडत आहोत.

प्रथम, हे जाळे म्हणजे काय? उदाहरण बँकेचेच घेऊ. आपले खाते आता शाखेतील जाड खतावणीत नसते. ते दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर असते. काउंटरवरचा संगणक स्विचला, स्विच राउटरला आणि राउटर दूरसंचार कंपनीच्या लाइनने डेटा सेंटरला जोडलेला असतो. यातील एक कडी तुटली की पेन्शनची रांग थांबते. अशा वेळी "सर्व्हर डाऊन आहे" असे सांगण्याचा प्रघात आहे. वास्तविक पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो, रस्ता बंद असतो. तो रस्ता बांधणे, राखणे व बिघाड शोधून काढणे म्हणजे नेटवर्किंग होय.

हा बिघाड कोणाकोणाच्या हातांतून जातो ते पाहिले की पदे समजतात. लाइन तुटल्याचे प्रथम कळते ते देखरेख केंद्रातील, म्हणजे 'नॉक'मधील, इंजिनिअरला. हे काम चोवीस तास, पाळ्यांमध्ये चालते. तो तक्रारीची नोंद करतो, लांबूनच तपासणी करतो, दूरसंचार कंपनीला कळवतो. लाइन केव्हा गेली, काय तपासले, कोणाला कळवले, हे चार वाक्यांत नेमके लिहिता येणे ही येथील मोठी पात्रता आहे. तेव्हा कलाशाखेच्या मुलांनी दबकू नये.

प्रत्यक्ष जागेवर जातो तो फील्ड इंजिनिअर. तारेतील आठ वायरी ठरलेल्या रंगक्रमाने जोडणे, नेहमीची तांब्याची तार १०० मीटरपलीकडे न नेणे, हे त्याला हातचे असावे लागते. आयटीआय वा पदविका झालेल्या मुलांना हे दार जवळचे. दुचाकी व परवाना पुष्कळ ठिकाणी मागतात. या कामाला कोणी हलके समजू नये. राउटरची रचना बदलणे हे मात्र नेटवर्क इंजिनिअरचे काम. बदल बहुधा रात्री, पूर्वपरवानगीने करायचा आणि फसल्यास पूर्ववत कसे आणायचे तेही आधी लिहून ठेवायचे. येथे पदवी वा पदविका आणि अनुभव, दोन्ही पाहतात. फायरवॉल सांभाळणारे सुरक्षातज्ज्ञ व संपूर्ण जाळ्याचा आराखडा करणारे आर्किटेक्ट ही पुढची पदे. तेथे बहुधा अनुभवानेच पोहोचता येते.

आता परीक्षेविषयी. सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा १९९८ पासून आहे. तिला पदवीची अट नाही. वेळ १२० मिनिटे, आणि प्रमाणपत्र ३ वर्षेच चालते. वरच्या सीसीआयई परीक्षेत तर ८ तासांचे प्रात्यक्षिक असते. सीसीएनए झाली म्हणजे नोकरी खिशात आली, असे मात्र नव्हे. मुलाखतीत घेणारा विचारतो, "एका शाखेला इंटरनेट नाही, तू प्रथम काय पाहशील?" पाठ केलेली उत्तरे येथे उघडी पडतात.

म्हणून क्लासची फी भरण्याआधी मुलाने निदान तीन महिने घरी अभ्यास करून पाहावा. सिस्कोचे 'पॅकेट ट्रेसर' हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात संगणकाच्या पडद्यावरच राउटर व स्विच जोडून शिकता येते. नंतर त्याला एक गणित घालावे. २५६ पत्त्यांच्या जाळ्याचे चार समान भाग केले तर प्रत्येक भागात ६४ पत्ते येतात. मग यंत्रांना ६२च का देता येतात? पहिला पत्ता त्या भागाची ओळख म्हणून आणि शेवटचा सर्वांना एकदम निरोप देण्यासाठी राखीव असतो, हे ज्याला कागदावर मांडून दाखवता येते, त्याच्यासाठी फी भरण्याचा विचार करावा. ज्याला तीन महिन्यांत कंटाळा आला, त्याच्या नावे कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नेमणूकपत्रही नीट वाचावे. काम बँकेत वा मोठ्या कंपनीत असले तरी नेमणूक पुष्कळदा कंत्राटदाराची असते. पगार कोण देणार, भविष्यनिर्वाह निधी कापणार काय, बंधपत्र किती वर्षांचे, हे लेखी घ्यावे आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवू नयेत. मुलींच्या पालकांना रात्रपाळीची धास्ती वाटते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीवाचून कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी तिच्या संरक्षणाची व्यवस्था मालकाने करायची असते. येण्या-जाण्याच्या गाडीचा प्रश्न मुलाखतीतच विचारावा. त्यात संकोच करू नये.