घटक ६ : व्यवसायातील व्हॉइसमेल – प्रवेशाधिकारांचे नियोजन आणि सूचनालेखन

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील.
• व्हॉइसमेल प्रणालीतील निरनिराळे प्रवेशाधिकार स्पष्ट करता येतील.
• कोणाला कोणता अधिकार द्यावा, याची कारणे सांगता येतील.
• अधिकारांविषयीची कार्यालयीन सूचना निःसंदिग्ध मराठीत लिहिता येईल.

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, निरोप पोहोचवणे हे विश्वासाचे काम आहे. निरोप्याने तो वाटेत दुसऱ्या कोणाला सांगू नये आणि त्यात पदरचे काही घालू नये, ही अपेक्षा पूर्वीपासून आहे. शिवकाळातील राजपत्राच्या प्रवासातही ही सावधगिरी दिसते. चिटणिसाने पत्र लिहावे, सचिवाने मजकूर तपासावा आणि शेवटी त्यावर मोर्तब व्हावे, अशी कामाची वाटणी होती. एकाच हाती सर्व अधिकार नसल्यामुळे पत्राची विश्वासार्हता टिकत असे.

आज व्यवसायात हे काम पुष्कळदा यंत्र करते. भारतात जुलै १९९२ मध्ये काही मूल्यवर्धित दूरसंचार सेवा खाजगी गुंतवणुकीसाठी खुल्या झाल्या. त्यांत व्हॉइसमेलचा समावेश होता. यंत्र आले तरी मूळ प्रश्न कायम राहिला : निरोप कोणी ऐकावा, कोणी पुसावा आणि कोणी पुढे पाठवावा? या घटकात आपण त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ अधिकार म्हणजे नेमके काय?

उदाहरणादाखल दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष निर्यात कंपनीची कल्पना करू. हंगाम ऐन भरात आहे. हिवाळ्यात नेदरलँड्समधील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. नाशिककडे संध्याकाळचे साडेसहा वाजून कार्यालय बंद होते, तेव्हा रॉटरडॅममध्ये दुपारचे दोनच वाजलेले असतात. तेथील खरेदीदार दूरध्वनी करतो आणि दराविषयीचा निरोप निर्यात विभागाच्या पेटीत ठेवतो.

या एका निरोपाभोवती अनेक क्रिया संभवतात. तो ऐकणे, जपून ठेवणे, पुसणे, दुसऱ्या पेटीत पाठवणे, पेटीचे स्वागतवाक्य बदलणे, कार्यालयाबाहेरून पेटी उघडणे, सर्व कर्मचाऱ्यांना एकच निरोप धाडणे आणि पेटीतूनच बाहेरच्या क्रमांकास दूरध्वनी जोडणे, या त्या क्रिया होत. यांतील प्रत्येक क्रिया हा स्वतंत्र अधिकार आहे. ‘पेटी वापरण्याची परवानगी’ असा एकच अधिकार मानला, तर ज्याला केवळ ऐकायचे आहे त्याच्या हाती पुसण्याची सोयही आपोआप जाते. दराचा तो निरोप पुसला गेला आणि पुढे दरावरून वाद झाला, तर कंपनीजवळ आधार उरत नाही.

६.२.२ अधिकारांची वाटणी

प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळी यादी करणे गैरसोयीचे असते. म्हणून अशा प्रणालींत कामाच्या स्वरूपानुसार वर्ग पाडतात आणि व्यक्तीला त्या वर्गात घालतात. आपल्या कल्पित कंपनीत चार वर्ग पुरेसे होतील.

(अ) सामान्य कर्मचारी : स्वतःच्या पेटीतील निरोप ऐकणे, जपणे व पुसणे.
(आ) विभागातील नेमलेले कर्मचारी : वरील अधिकारांखेरीज विभागाच्या सामाईक पेटीतील निरोप ऐकणे व पुढे पाठवणे, तेथील निरोप पुसणे मात्र नाही.
(इ) विभागप्रमुख : सामाईक पेटीतील निरोप पुसणे आणि स्वागतवाक्य बदलणे.
(ई) प्रणाली-व्यवस्थापक : पेटी उघडणे, बंद करणे, वर्ग बदलणे आणि विसरलेल्या पिनऐवजी नवा पिन देणे.

शेवटच्या वर्गाकडे विशेष लक्ष द्यावे. व्यवस्थापक पेटीची व्यवस्था पाहतो. म्हणून त्याला पेटीतील निरोप ऐकण्याचा अधिकार मिळतो असे नाही. टपाल कार्यालयातील पेट्यांची देखभाल करणारा माणूस लोकांची पत्रे उघडत नाही, तसेच हे आहे. मात्र नवा पिन देणाऱ्याला तो पिन वापरून पेटी उघडणे शक्य असते. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद प्रणालीत आपोआप व्हावी आणि ती नोंद व्यवस्थापकाखेरीज दुसऱ्या अधिकाऱ्याने तपासावी.

या वाटणीमागील तत्त्व सोपे आहे : कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा. संगणकशास्त्रात त्याला किमान अधिकाराचे तत्त्व म्हणतात.

६.२.३ पिन आणि बाहेरचा धोका

चार अंकी पिनच्या १०,००० शक्यता असतात. सहा अंकी पिनच्या १० लाख. परंतु नव्या पेटीला दिलेला मूळ पिन, उदाहरणार्थ ०००० किंवा पेटीचाच क्रमांक, तसाच ठेवला तर या संख्येला काही अर्थ राहत नाही. ब्रिटनमधील ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकासाठी काम करणाऱ्यांनी इतरांच्या व्हॉइसमेल पेट्या चोरून ऐकल्या, तेव्हा न बदललेले मूळ पिन त्यांच्या उपयोगी पडले. या प्रकरणी साप्ताहिकाचा एक संपादक आणि एक खाजगी गुप्तहेर यांना जानेवारी २००७ मध्ये कारावासाची शिक्षा झाली. २००२ मध्ये बेपत्ता झालेल्या एका मुलीची पेटीही ऐकली गेल्याचे पुढे उघड झाले, तेव्हा लोकक्षोभ उसळला. १८४३ मध्ये सुरू झालेले ते साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद पडले.

दुसरा धोका आर्थिक आहे. पेटीतून बाहेरचा क्रमांक जोडण्याचा अधिकार सरसकट दिलेला असेल, तर पिन ओळखणारा त्रयस्थ त्या पेटीतून परदेशी दूरध्वनी करतो आणि देयक कंपनीच्या नावे येते. हा अधिकार मुळात बंद ठेवावा. गरज सिद्ध झाल्यावरच तो द्यावा. ठरावीक वेळा चुकीचा पिन दाबल्यास पेटीला आपोआप कुलूप लागावे, अशीही व्यवस्था असावी.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार संगणक प्रणालीत अप्रामाणिकपणे विनापरवानगी प्रवेश करणे हा अपराध आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवानगी कोणाला होती हे लेखी नसेल, तर विनापरवानगी कोण आला हे ठरवणे कठीण होते. येथे सूचनालेखनाचे महत्त्व ध्यानी येते.

६.२.४ अधिकार काढून घेणे

अधिकार देताना अर्ज येतो, सही होते. काढून घेताना मात्र कोणी आठवण करून देत नाही. कर्मचारी निर्यात विभागातून लेखा विभागात गेला, तर त्याला नवे अधिकार मिळतात आणि जुनेही त्याच्याजवळ राहतात. नोकरी सोडणाऱ्याची पेटी कार्यमुक्तीच्या दिवशीच बंद करावी. सामाईक पेटीचा पिन त्याला ठाऊक असतो. म्हणून तोही त्याच दिवशी बदलावा. शिवाय दर तिमाहीस संपूर्ण यादी वाचून ‘या व्यक्तीला हा अधिकार आजही लागतो का?’ असे विचारावे.

६.२.५ सूचनेची भाषा

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. पुढील वाक्य पाहा :

‘सामाईक पेटीचा पिन वेळोवेळी बदलण्यात यावा.’

वाक्य व्याकरणशुद्ध आहे. पण पिन कोणी बदलावा व केव्हा, हे त्यातून कळत नाही. कर्ता लपला की जबाबदारीही लपते. त्याऐवजी असे लिहावे :

‘विभागप्रमुखाने सामाईक पेटीचा पिन दर महिन्याच्या १ तारखेस बदलावा.’

दुसरा संदेह ‘शकणे’ या क्रियापदाचा. ‘लिपिक निरोप पुसू शकतो’ या वाक्यातून यंत्रात तशी सोय आहे, हा अर्थ निघतो आणि नियमाने मुभा आहे, हाही निघतो. मुभा सांगायची असेल तर ‘पुसण्याची मुभा आहे’, कर्तव्य सांगायचे असेल तर ‘पुसावा’ आणि मनाई करायची असेल तर ‘पुसू नये’ असे स्पष्ट लिहावे. तसेच ‘हाताळणे’ हे मोघम क्रियापद टाळून ऐकणे, पुसणे, पाठवणे ही नेमकी क्रियापदे योजावीत.

६.३ सारांश

व्हॉइसमेलमधील प्रत्येक क्रिया हा स्वतंत्र अधिकार आहे. तो कामापुरता द्यावा, त्याची नोंद ठेवावी आणि काम संपताच काढून घ्यावा. सूचनेत कर्ता, क्रिया व मुदत ही तिन्ही स्पष्ट असावीत. यंत्र आज्ञा पाळते. पण ती आज्ञा कोणती असावी, हे माणसाने आधी नेमक्या शब्दांत ठरवावे लागते.

६.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(१) प्रणाली-व्यवस्थापकाला निरोप ऐकण्याचा अधिकार का नसावा? त्याच्या कामाची तपासणी दुसऱ्याकडे का असावी?
(२) ‘कार्यमुक्त कर्मचाऱ्यांच्या पेट्यांबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात यावी’ ही सूचना निःसंदिग्ध करून पुन्हा लिहा.
(३) उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या पतसंस्थेसाठी किंवा दुकानासाठी व्हॉइसमेलच्या अधिकारांचे वर्ग ठरवा आणि त्यांविषयीची दहा ओळींची सूचना तयार करा.