अभयारण्याच्या वाटेवर पाळीव कुत्रा

पावसाळा ओसरला की जळगाव-धुळ्याकडील तरुणांची पावले डोंगरांकडे वळतात. रावेर तालुक्यातील पाल, चाळीसगावनजीकचे पाटणादेवी, शिरपूर तालुक्यातील अनेर धरण ही त्यांची आवडती ठिकाणे. घरचा इमानी कुत्राही या भटकंतीत सोबत असावा, असे काहींना वाटते. ही इच्छा स्वाभाविक असली, तरी हा प्रदेश केवळ सहलीसाठी नाही. यावल अभयारण्य १९६९ साली, तर अनेर धरण आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्ये १९८६ साली घोषित झाली. तेथे पहिला हक्क वन्य प्राण्यांचा आहे.

कुत्र्याने कोणाचा पाठलाग केला नाही, तरी त्याच्या चाहुलीनेच ससे, भेकरे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी बुजतात. त्याहून गंभीर धोका रोगाचा. १९९४ साली टांझानियातील सेरेंगेटीत ‘कॅनाइन डिस्टेंपर’ या विषाणुजन्य रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीत याच रोगाचा विषाणू आढळला. खान्देशात सिंह नाहीत; परंतु बिबट्या, लांडगा आणि कोल्हा यांनाही हा रोग होऊ शकतो.

तथापि केवळ सहलकऱ्यांना दोष देऊन प्रश्न सुटणार नाही. शहरातील पाळीव कुत्र्याला निदान लस मिळण्याची सोय असते; जंगलाकाठच्या पाड्यांवरील आणि मेंढ्यांच्या कळपामागील कुत्र्यांना ती कोण टोचणार? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील व त्याभोवतीच्या पाच किलोमीटर परिसरातील पशुधनाच्या लसीकरणाची जबाबदारी मुख्य वन्यजीव रक्षकांवर टाकली आहे. मात्र पशुधनाच्या व्याख्येत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, इतकेच नव्हे तर बदकाचाही उल्लेख आहे, कुत्र्याचा नाही. ज्याच्यामुळे हा रोग वन्य प्राण्यांपर्यंत पोहोचू शकतो, नेमका तोच यादीबाहेर राहिला आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वनखाते आणि पशुसंवर्धन खाते यांनी मनावर घेतल्यास पाड्यापाड्यांवर कुत्र्यांचे लसीकरण होऊ शकते. शाळा-महाविद्यालयांनीही सहल काढण्यापूर्वी विद्यार्थ्यांना हा धोका समजावून सांगावा. मेंढपाळाचा कुत्रा ही त्याची गरज आहे. सहलकऱ्याचा कुत्रा ही हौस आहे. गरजेला लस मिळावी आणि हौसेने अभयारण्याबाहेर थांबावे, हाच न्याय्य मार्ग होय.