घोडा, गाय आणि खुरांचा हिशेब

मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. अर्धापूर भागातली माणसंही तिथं जनावरं बघायला जातात. एकीकडे लाल कंधारी आणि देवणी गाई, दुसरीकडे घोडे. दोघांना चार पाय, दोघांपुढे वैरण. म्हणून ‘जात वेगळी, बाकी सगळं सारखंच’ असं अनेकांना वाटतं. तसं नाही. नात्यानं गाय हरणाच्या आणि शेळीच्या जवळची, तर घोडा गेंड्याच्या.

खात्री करायची तर पाय पाहा. गाईच्या प्रत्येक पायाला दोन खूर, मधे फट. घोड्याचा खूर एकच, अखंड. हा फरक केवळ दिसण्यापुरता नाही. लाळ्या-खुरकूत गोठ्यात शिरली की घोड्यालाही होईल अशी भीती असते; पण तो रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा आहे, घोड्याला होत नाही. मात्र घोड्याच्या खुरांना चिकटून विषाणू दुसऱ्या गोठ्यात जाऊ शकतो, म्हणून त्यालाही बाजूलाच बांधावं.

गणितातही हाच खूर कामाला येतो. कोंबड्या आणि गाई असतील तर डोकी आणि पाय मोजून उत्तर निघतं. घोडे आणि गाई असतील तर नाही: 20 डोकी, 80 पाय, एवढ्यावरून काहीच कळत नाही. खूर मोजा. समजा ते 104 भरले. सगळे घोडे असते तर 80 झाले असते. जास्तीचे 24 गाईंचे, दर गाईमागे 4 जादा. म्हणजे गाई 6, घोडे 14, घोडे आणि गाई यांचं गुणोत्तर 7 : 3.

गुणोत्तराबाबत मुलं दोन ठिकाणी हमखास अडतात. घोडे आणि गाई 3 : 5 म्हटलं की घोडे तीनच, असं नाही, 6 आणि 10 असतील, 30 आणि 50 असतील. आणि एकूण जनावरांत घोडे तीन-पंचमांश नव्हे, तीन-अष्टमांश. दुसरं, दोन्हीकडून सारखीच जनावरं विकली तर गुणोत्तर तेच राहतं असं वाटतं. 6 घोडे, 10 गाईंतून दोन-दोन विका: उरले 4 आणि 8, म्हणजे 1 : 2.

बाजारात गिऱ्हाईक ओठ वर करून दात बघतं. गाईला वर पुढचे दात नाहीत म्हणून ती म्हातारी, असं नवखा समजतो. गाईबैलांना ते जन्मापासूनच नसतात. अदंत, दोनदाती, चारदाती हा हिशेब खालच्या दातांचा. घोड्याला मात्र पुढचे दात वर-खाली दोन्हीकडे असतात.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज खाद्याचा. गाईचं कोटीपोट शंभर लिटरच्याही पुढे भरतं. ती भराभर गिळते आणि निवांत रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर साधारण 8 ते 15 लिटरचं, चारा कुजवून पचवण्याचं काम मागच्या बाजूला, आंधळ्या आतड्यात आणि मोठ्या आतड्यात चालतं. शिवाय त्याला ओकारी येत नाही. त्यामुळे एकदम पाटीभर धान्य ठेवलं तर पोटशूळ उठून घोडा दगावू शकतो. त्याला थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्यावं. आणि गाईचं तयार पशुखाद्य घोड्यापुढे कधीच ओतू नये: काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते सोसतं, पण घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंवर थोड्या मात्रेतही घाव घालतं. पोतं उघडण्याआधी त्यावरचा छापील मजकूर वाचावा, कळला नाही तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं.